शिंपल्याचं वळण

अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात कँडी कमिंग्ज या चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या नावाची पाटी आहे. तिच्यावर त्याची कारकीर्द दीर्घ म्हटली आहे, आणि १८७६ सालीच ती संपवूनही टाकली आहे. प्रत्यक्षात १८७७मध्ये तो सिनसिनाटीकडून खेळला, ५ सामने जिंकला, १४ हरला आणि मोठ्या संघांतून कायमचा बाहेर पडला. १८७२पासून मोजले तर सगळे मिळून सहा हंगाम. आपल्याकडे एवढ्यात माणूस रणजीतही धड रुळत नाही.

पाटी लागली ती खरं तर त्याआधीच्या उद्योगामुळे. १८६३च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर पोरं शिंपले भिरकावत होती. शिंपले हवेत वळतात हे सगळ्यांनीच पाहिलं. चेंडूही असा वळवता आला तर, हे चौदा वर्षांच्या कमिंग्जच्या डोक्यात आलं. निदान १९०८ सालच्या लेखात तो तसं सांगतो. पंचेचाळीस वर्षांनी सांगितलेल्या अशा कथा जरा जास्तच गुळगुळीत असतात. ही मात्र मला पटते, कारण शिंपले मीही फेकलेत.

मालवणला मावशीकडे तिसऱ्या झाल्या की मागीलदारी शिंपल्यांचा ढीग पडायचा. तो टोपलीत भरून आम्ही पोरं किनाऱ्यावर पळायचो. बोटांना हळदीचा आणि खोबऱ्याचा वास असायचाच. शिंपला अंगठा आणि तर्जनीत धरायचा, खोलगट बाजू खाली, आणि मनगटाला झटका. काही अंतर तो सरळ जायचा आणि मग घरी काही विसरल्यासारखा एकदम वळायचा. वारा समोरून असला तर आणखीच. थोरल्या मावसभावाला म्हणे माडाला वळसा घालून मारता यायचा. त्याच्या म्हणण्याखेरीज पुरावा नाही. "मेल्यांनो, कोणाचे तरी पाय कापतले!" असं मावशी लांबून ओरडायची. टोपली रिकामी झाली की खेळ संपला. चेंडूचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनाला शिवला नाही.

आणि तो तसा शिवण्यासारखा नव्हताच. शिंपल्याला त्याचा आकार वळवतो, गोल चेंडूचं सगळं फिरकीवर. त्यात तेव्हाचा नियम असा, की हात कमरेखाली ठेवून, ताठ ठेवून चेंडू टाकायचा. मित्र हसायचे. कमिंग्ज चार वर्षं चिकटून राहिला, आणि १८६७ साली हार्वर्डच्या पोरांच्या बॅटी हवेत फिरल्या. यश मिळालेल्या कमिंग्जपेक्षा ही चार वर्षं मला जास्त आवडतात.

पुढचं भराभर झालं. पंचावन्न किलोच्या आसपासचा हा किडकिडीत माणूस ४५ फुटांवरून चेंडू टाकायचा, आणि तोही वर हवा की खाली हे फलंदाज आधी सांगायचा! ९ सप्टेंबर १८७६ला त्याने हार्टफर्डसाठी एकाच दिवसात दोन पूर्ण सामने टाकले आणि दोन्ही जिंकले. पण तोवर वळण इतरांनाही जमायला लागलं होतं. वर्षभरात तो संपला. नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅथॉल गावी त्याचं रंगाचं आणि भिंतीला लावायच्या कागदाचं दुकान होतं.

मला कुतूहल आहे ते नॅट हिक्सचं. १८७२मध्ये म्युच्युअल्स संघाकडून खेळताना कमिंग्जचा चेंडू झेलायला तो फलंदाजाच्या पाठीला लागून उभा राहायचा. हातमोजे नाहीत, तोंडावर जाळी नाही. चेंडू कुठे वळणार हे फलंदाजाला कळलं नाही तर बॅट हवेत फिरायची, बस्स. हिक्सची बोटं जायची. त्याची पाटी कूपर्सटाउनला नाही.