सीट धुऊ नका

पावसाळा सरला की माझ्याकडे गाड्यांची रांग लागते. बाहेरून चकचकीत, पण दार उघडलं की कुबट वास. मालक हमखास सांगतो, "अहो, आत्ताच तर घरी स्वच्छ धुतल्या सीटा!" दुखणं नेमकं त्या धुण्यातच असतं. गाड्यांची आतली सफाई हा माझा रोजचा धंदा आहे. त्यात साबणापेक्षा पाण्याचा हिशेब जास्त महत्त्वाचा.

सीटचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं असतं. त्याला पाण्याचं वावडं नाही. पण त्याखाली फोमची जाड गादी असते आणि ओतलेलं पाणी ती मुकाट्याने पिते. कार्पेटखालीही फेल्टचा किंवा फोमचा थर असतो, त्याखाली पत्रा. वरचं कापड लवकर वाळतं, हाताला कोरडं लागतं. आतली ओल मात्र तशीच राहते. मग बुरशी धरते आणि पत्र्यालाही गंज चढू शकतो. शिवाय खोलवर गेलेलं पाणी वाळताना वर येतं आणि आतला मळही सोबत आणतं. गेलेला डाग दोन दिवसांनी तपकिरी कडा घेऊन परत उमटतो, तो यामुळेच.

म्हणून आधी कोरडं काम. मॅट काढून झटका, सीट पुढे-मागे सरकवून खाचांतून व्हॅक्यूम फिरवा. चिखल ओला असेल तर हात लावू नका. वाळू द्या, ब्रशने मोकळा करा आणि ओढून घ्या. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण घालून फेस काढा. सीटला लावायचा तो फेस, पाणी नव्हे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना ते पाहा. मऊ ब्रशने हातभर जागा घ्या, मायक्रोफायबरच्या कापडाने मळ टिपा, मगच पुढे सरका. शेवटी घट्ट पिळलेल्या कापडाने साबण काढून घ्या. राहिलेला साबण चिकट होतो आणि धूळ धरतो. सीटखालच्या वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नका. तिथले पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात, त्यांना हात लावू नका.

दसरा-पाडव्याच्या पूजेनंतर हळद-कुंकवाचे डाग ठरलेले. कुंकू कोरडं असतानाच व्हॅक्यूमने ओढा; ओलं झालं की रंग पसरतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो आणि लोक घाबरतात. हळदीतल्या कर्क्युमिनचा तो गुणच आहे, अल्कली लागली की रंग बदलतो. साबण पूर्ण निघाला की लाली उतरते. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. दारं उघडी ठेवून गाडी उन्हाला लावा. दूध सांडलं तर गरम पाणी टाळा, त्याने दुधातली प्रथिनं कापडात बसतात. गार पाण्याने टिपा आणि एन्झाइमवाला डिटर्जंट वापरा. तेलकट डागाला भांड्यांचा द्रव साबण पुरतो. कुठलाही डाग घासायचा नाही, कडेकडून मध्याकडे टिपत यायचं.

ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट पुन्हा पुन्हा ओलं होत असेल, तर सफाई थांबवा. बऱ्याचदा एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. ती मोकळी करून घ्या, नाहीतर कितीही पुसलंत तरी वास जाणार नाही. अत्तराच्या बाटल्यांनी तो झाकला जातो, नाहीसा होत नाही.

निम्मं काम वाळवण्याचं आहे. सकाळी लवकर सुरुवात करा, चारही दारं उघडा, पंखा लावा. दुसऱ्या दिवशी सीटवर कोरडा टॉवेल ठेवून जोरात दाबा. टॉवेलला ओल लागली, तर गाडी अजून बंद करायची नाही. आणि एवढा वेळ हाताशी नसेल, तर त्या दिवशी नुसता व्हॅक्यूम मारून थांबा. अर्धवट वाळलेल्या सीटपेक्षा मळकी सीट परवडते.