चेंबर

इंजिनाच्या तळाशीं पत्र्याचें जें पसरट भांडें बसविलेलें असतें, त्यास पुस्तकांत कोणी तेलपात्र म्हणोत. आमच्या मराठवाड्यांतील कोणत्याही गॅरेजांत त्याचें नांव एकच, चेंबर. इंजिन चालूं असतां पंप ह्या चेंबरांतलेंच तेल जाळींतून ओढून वर क्रँकपर्यंत पोंचवितो, आणि काम झालेलें तेल ठिबकत ठिबकत पुन्हां ह्यांतच येऊन पडतें. भांडें साधें, पण त्याची जागा मोठी अडचणीची. वर इंजिन, खालीं पुढील ॲक्सल, समोर स्टिअरिंगचा रॉड. माणसाचा हात तेथें सहजासहजीं जात नाहीं; रस्त्यावरचा दगड मात्र नेमका तेथेंच पोंचतो.

गेल्या श्रावणांत हसनाबादेस असेंच घडलें. भोकरदन तालुक्यांतील ह्या आमच्या गांवीं माझे थोरले बंधू शेती पाहतात, व एका जुन्या महिंद्र जीपमधून गांवचें दूध जालन्यास पोंचवितात. एके दिवशीं राजूरच्या बाजूनें परततांना पावसानें उखडलेल्या रस्त्यावरील दगड चेंबरास लागला व त्यास वीतभर चीर गेली. बंधूंची दृष्टि तेलाच्या दाबाच्या कांट्यावर होती. कांटा पडूं लागतांच त्यांनीं इंजिन बंद केलें, आणि इंजिन वांचलें तें एवढ्यामुळेंच. तेलावांचून तें आणखी थोडा वेळ फिरतें तर बेअरिंग जळून क्रँक जागच्या जागीं आंवळला असता. ट्रॅक्टरास दोर बांधून जीप घरीं आणली.

शहरांतील एका गॅरेजांत विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं चेनपुली लावून इंजिनच उतरवावें लागेल. गाडी आठवडाभर ठेवून जा. आठवडाभर दूध कोणाच्या गाडींतून पाठवावयाचें? पुतणीच्या कॉलेजची फी त्याच दुधाच्या पैशांतून भरावयाची होती, व मुदत जवळ आली होती. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुधाचे कॅन तेवढे धुवून पालथे घालून ठेवले.

गांवांत लिंबाच्या झाडाखालीं काम करणारे एक वृद्ध उस्ताद आहेत. त्यांस बोलाविलें. ते गोणपाट टाकून गाडीखालीं उताणे निजले आणि कितीतरी वेळ कशासही हात न लावतां नुसते पाहत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, इंजिन कशाला उतरवायचं? इंजिन दोन बोटं वर जाईल, ॲक्सल चार बोटं खाली जाईल. चेंबरला तेवढी वाट पुरे."

ह्या एका वाक्यांत सर्व युक्ति आली. तिचें मर्म समजण्यास जीपची घडण ठाऊक पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या सुमारास, अमेरिकेंत सैन्यासाठीं जी गाडी निर्माण झाली तिचीच ही संतति. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्यानंतर लौकरच विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईस जुळविण्यास आरंभ केला. ह्या गाडीस भक्कम शॅसी असते, व ॲक्सल तिच्याखालीं पाट्यांवर टांगलेला असतो. म्हणून जॅक ॲक्सलाखालीं न लावतां शॅसीखालीं लावला, तर शॅसी वर जाते, पाटे सैल होतात, आणि चाकांसकट ॲक्सल आपल्याच भारानें खालीं लोंबतो. नव्या लहान मोटारींची रचना निराळी. त्यांस हा नियम जसाच्या तसा लावूं नये.

परंतु आमच्या अंगणांत काळी माती, आणि दिवस पावसाचे. अशा मातींत जॅक भार येतांच रुततो व कलंडतो. उस्तादांनीं प्रथम फरशीचा तुकडा व त्यावर जाड फळी घातली, मागच्या चाकांस दगड लावले, बॅटरीची तार सोडली, आणि मगच जॅक चढविला. त्यांचा शागीर्द, दहावीला गणितांत नापास होऊन शाळा सोडलेला एक मुलगा, पाना घेऊन लगबगीनें खालीं शिरूं लागला. उस्तादांनीं त्याचा दंड धरून त्यास मागें ओढलें. तोंपर्यंत त्यांचा आवाज मीं चढलेला ऐकला नव्हता. शॅसीखालीं दोन्ही अंगांस लांकडी ठोकळे रचून, गाडी हातांनीं हालवून पाहिल्यावांचून त्यांनीं कोणासही खालीं जाऊं दिलें नाहीं. जॅक उचलण्यासाठीं असतो, भार पेलून धरण्यासाठीं नव्हे. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं जाऊन मनुष्यें प्राणांस मुकलीं आहेत. घरीं मोटार असलेल्या प्रत्येक मुलानें हें ध्यानांत धरावें.

उरलेलें तेल घमेल्यांत काढलें. सायलेन्सरचा जोड व रेडिएटरचा रबरी पाइप सोडला, पंखा वर कशास अडत नाहीं हें पाहिलें, इंजिनाच्या फाउंडेशनचे बोल्ट ढिले केले, आणि दुसऱ्या जॅकनें, मध्यें लांकूड घालून, इंजिन गिअरबॉक्सच्या जोडापाशीं हळूहळू उचलून त्याखालींही ठोकळे सारले. चेंबरचे सारे बोल्ट निघाले, तरी तें जुन्या पॅकिंगास घट्ट चिकटून राहिलें. येथें उतावळा मनुष्य फटींत पेंचकस घालतो व कांठ वांकवून ठेवतो. उस्तादांनीं लांकडी हातोडीनें कडेकडेनें ठोकलें, तेव्हां तें सुटलें. पण चार बोटें खालीं येऊन पुन्हां अडलें.

आतां तो मुलगा बोलला. "पहिला खाली हाय उस्ताद, म्हणून अडतंय. अर्धा फेरा देतो." चार सिलिंडरांच्या ह्या क्रँकावर पहिला व चौथा कोपर एका दिशेस, दुसरा व तिसरा त्याच्या उलट. अर्धा फेरा दिला कीं पहिला व चौथा वर जातात आणि चेंबरच्या पुढील उथळ भागास जागा होते. त्यानें पुलीच्या नटास मोठा पाना लावून क्रँक फिरविला, मग उस्तादांनीं फटींतून हात घालून जाळीचे बोल्ट काढले, जाळी चेंबरांतच पडूं दिली, आणि चेंबर मागच्या अंगानें तिरपें होऊन बाहेर आलें. एकशेंऐशीं अंशांचा कोन मी दरवर्षीं फळ्यावर काढतों. तो ह्या मुलानें चिखलांत उताणें पडून, न पाहतां ओळखला. "अभ्यास केला नाहींस तर गॅरेजांत जावें लागेल" असें जे पालक मुलांस म्हणतात, त्यांनीं हें काम एकदां जवळ बसून पाहावें.

चेंबराच्या तळाशीं गाळ होता, पण धातूचा चुरा नव्हता. तें पाहून उस्तादांनीं बंधूंकडे पाहिलें, आणि बंधू प्रथमच खालीं बसले. केरोसिननें धुवून पोचा काढला, पितळेनें चीर सांधविली. सांधा पक्का झाला कीं नाहीं हें कसें कळावें? उस्तादांनीं मजकडे खडू मागितला. पिशवींत दोन होते. त्यांनीं सांध्यावर बाहेरून खडू घांसला व आंत केरोसिन ओतून ठेवलें. सूक्ष्म भोंक जरी असतें, तरी पांढऱ्यावर काळपट डाग उमटला असता. एका टोंकास डाग आलाच. तेवढा भाग पुन्हां सांधविला.

पुढील काम उलट क्रमानें झालें. नव्या बुचाच्या पॅकिंगवर बोल्ट मधून कडेस, आलटून पालटून, बेतानेंच आंवळले. फार आंवळल्यास पॅकिंग चेंगरून बाहेर येतें. जुनें तेल ओढ्यास न सोडतां डब्यांत भरून ठेवलें. नवें तेल घालून डिझेल बंद ठेवूनच इंजिन थोडें फिरविलें. कांटा हालला, तेव्हां डिझेल सोडलें.

रात्रीं चेंबराखालीं वर्तमानपत्र अंथरून ठेवलें होतें. पहांटे वहिनींनीं कंदील धरून तें पाहिलें. कागद कोरडा होता. त्यांनीं कॅन सुलटे केले.