प्रोफेसर केळफा

'फाळके' हे नाव उलटे वाचले म्हणजे 'केळफा' होते. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी जादूगार म्हणून हेच नाव धारण केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून ही विद्या घेतली.

ही विद्या मंत्राने येत नाही. तळहातात नाणे असे धरावे लागते, की बोटे मोकळीच दिसावीत. शिकाऊ माणसाचे नाणे शंभरदा निसटते, खणखणते आणि गुपित चव्हाट्यावर आणते. तासन्‌तास आरशासमोर बसावे, तेव्हा कोठे हात सहज हलू लागतो. त्याहून अवघड नजर! जादूगार ज्या हाताकडे पाहतो, त्याच हाताकडे प्रेक्षक पाहतात. तेवढ्यात दुसरा हात आपले काम उरकतो. क्षणभर नजर चुकली, की सारे फसले.

पाहणाऱ्याचा डोळा कोठे रमतो, हे जाणणाऱ्या फाळक्यांना पुढे चित्रपटाचा ध्यास लागला. अतिश्रमाने त्यांचीच दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परतताच ते पुन्हा कामास लागले. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी टिपून त्यांनी ती पडद्यावर काही क्षणांत दाखविली. ती पाहून भांडवल मिळाले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' अवतरला. १९४४ साली नाशिकातच त्यांचे देहावसान झाले.

हातचलाखी प्रेक्षकांना घटकाभर फसविते. शिकणाऱ्याला मात्र ती स्वतःला फसवू देत नाही. आरशात नाणे दिसले, तर ते दिसलेच!