नाका, नको, नक्को

रजेच्या अर्जात ‘मित्राचं लग्न’ असं कारण लिहिलं तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मित्राचं की मित्राच्या मुलाचं?" त्यांची शंका रास्त होती. मित्र माझ्याच वयाचा, पंचेचाळिशीचा. वीस वर्षं हैदराबादेत नोकरी करतोय आणि आता तिथल्याच एका तेलुगू सहकारी बाईंशी लग्न करत होता. ऑडिटच्या फायली दोन दिवस रात्री आठपर्यंत बसून हातावेगळ्या केल्या, किरकोळ रजा पदरात पाडून घेतली आणि मडगावला गाडीत चढलो.

पिशवीत दोन महत्त्वाच्या वस्तू होत्या. एक म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’, पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणलेली. दुसरी, मी स्वतः रचलेली पाच मंगलाष्टकं. ती काकींची, म्हणजे मित्राच्या आईची मागणी. फोनवर म्हणाल्या होत्या, "मराठीचो एक तरी शब्द ताच्या कानार पडूं दी रे." घरात बोलायची कोंकणी, पण आरती, भजन आणि मंगलाष्टकं मराठी. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याच्या माघारी वाढवलेला एकुलता मुलगा. त्याच्या लग्नात आपली भाषा नसावी, हे त्या माउलीला सलत होतं.

केतकर बरोबर घेण्यामागे माझं एक खूळ होतं. १९३० साली मराठी साहित्य संमेलन आमच्या मडगावात भरलं, वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, ते हैदराबादला भरलं आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. एक गाव पोर्तुगिजांच्या राज्यातलं, दुसरं निजामाच्या. १५ ऑगस्ट १९४७ दोन्हीकडे सुनाच गेला. हैदराबाद सप्टेंबर १९४८ मध्ये सुटलं, आपण डिसेंबर १९६१ मध्ये. परक्या राजवटीत भाषा धरून बसलेली ही दोन गावं मला उगाचच एकमेकांची सोयरी वाटतात.

लोंढा, हुबळी, गदग, होस्पेट... गाडी पुढे जात होती आणि मी कालिंदीत गुंतलो होतो. आईच्या कुळामुळे जिचं लग्न अडतं, अशी ही नायिका. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली ही गोष्ट. मनात आलं, काकींनी सुनेची जात एका शब्दानं विचारली नाही. एवढा पल्ला आपण गाठला. अडलंय ते भाषेपाशी.

लग्नाच्या दिवशी सकाळी वेळ होता म्हणून कोटी भागात जाऊन विवेकवर्धिनी बाहेरून पाहून आलो. केशवराव कोरटकरांच्या पुढाकारानं १९०७ साली सुरू झालेली ही संस्था. आपल्या शेजारच्या सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित सातवळेकर त्याच सुमारास चित्रकार म्हणून या शहरात राहत होते. गोव्याच्या वाटेवरची माणसं इथं पूर्वीही येऊन गेली आहेत तर!

मुहूर्त रात्रीचा. मध्ये पडदा धरलेला, आपल्या अंतरपाटासारखा. नवरा-नवरीनं एकमेकांच्या डोक्यावर जिऱ्या-गुळाचा गोळा ठेवायचा, तोच खरा मुहूर्त. त्याला ‘जीलकर्र-बेल्लम’ म्हणतात. मी कागद काढून घसा खाकरला. भटजींनी मान डोलावली आणि नेमक्या त्याच क्षणी नादस्वरम आणि डोल यांचा असा कल्लोळ उठला की माझं शार्दूलविक्रीडित माझ्याच कानांना ऐकू येईना. पहिल्या ओळीत बाराव्या अक्षरावर यती घेतला तो तिथेच राहिला. पडदा खाली आला. लोक हळदीच्या अक्षता टाकत होते आणि काकी माझ्याकडे बघत होत्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. तसं ओशाळं मला ऑफिसात मेमो मिळाल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

रात्री दोनच्या सुमारास खोलीचं दार वाजलं. दारात काकी. "म्हण आतां," एवढंच म्हणाल्या. खाटेवर ताठ बसल्या, पदर डोक्यावरून घेतला. मी पाचही मंगलाष्टकं म्हटली. प्रत्येकाच्या शेवटी त्यांनी मुठीतल्या अक्षता खिडकीकडे टाकल्या. जाताना डोळे पुसत म्हणाल्या, "नातवांक हें कोण म्हणून दाखयतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तासभर उन्हात फिरलो. मराठी पुस्तक काही दिसलं नाही. मग हिंदीतून तेलुगू शिकवणारं एक फाटकं पुस्तक तेवढं घेतलं. घासाघीस करताना विक्रेता म्हणाला, "नक्को साब, इत्ता कम नक्को." मी हसलो. हा ‘नक्को’ म्हणजे आपलाच ‘नको’. दखनीत तो शतकानुशतकं मुक्कामाला आहे, आणि बोलणाऱ्याला तो परका वाटत नाही.

दुपारी जेवणावळीत काकी नव्या सुनेला आग्रहानं वाढायला गेल्या. सून ताटावर हात धरून म्हणाली, "नक्को अम्मा, बस!" काकी थबकल्या. "कितें म्हणता गो ही?" मित्रानं सांगितलं, "नाका म्हणता, आई."

"नाका... नको... नक्को," काकी स्वतःशीच पुटपुटल्या आणि हसून आणखी एक पळी वाढलीच.

निघताना ते फाटकं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. अक्षर देवनागरी, त्यामुळे अडचण नव्हती. काकी आणखी महिनाभर तिथेच राहणार होत्या. परतीच्या गाडीत ‘ब्राह्मणकन्या’ संपवली. सोमवारी लिहिलेला रजावाढीचा अर्ज साहेबांनी कुरकुरत मंजूर केला. असो. परवा काकींचा फोन आला. दहा धडे झाले म्हणाल्या, आणि सुनेनं मंगलाष्टकांचा तो कागद मागून घेतलाय.