परतीचा दाखला

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात घरटी कुणी ना कुणी विलायतेत आहे. लेकीला भेटायला ब्रिटनचा सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो. पण आपण परतणार, हे आधी पटवावे लागते. नोकरदाराकडे रजेचे पत्र असते. अम्मीकडे काय? सातबारा अजून मरहूम अब्बांच्या नावावर. तिला ओढून आणणार ती अब्बांची कबर, परसातला फणस, ईदला जमणारी नातवंडे. यांचा दाखला कोणता तलाठी देणार? नकार आला, तर कुटुंबभेटीसाठीचा अपिलाचा जुना हक्कही 2013 सालीच गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. म्हणून आम्ही भावंडांनी वारसनोंद करून घेतली, परतीची तारीख आणि इथली माणसे साध्या शब्दांत लिहून दिली. जिच्या सात पिढ्या याच मातीत निजल्या, तिचे घर इथेच आहे, हेही आम्हांला कागदावरच सांगावे लागले.