फडताळापासून न्हाणीपर्यंत

आमसुलांचा डबा फडताळात असावा की न्हाणीघराजवळच्या कोनाड्यात, हे आमच्या रत्नागिरीकडच्या घरात कधीच पक्कं ठरलं नाही. आमटीत आमसूल लागायचं, सारात लागायचं. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की तेच पाण्यात कोळून हातापायांना चोळलं जायचं. उरलेला चोथा देवाच्या ताम्हनावर फिरायचा आणि काळवंडलेलं तांबं लख्ख व्हायचं. मला मनापासून आवडणाऱ्या रोजच्या वस्तू आठवू लागले की सगळ्यांत आधी ही साल येते, आणि तिच्या मागोमाग ज्या येतात त्याही बहुतेक अशाच, एका फळीवर न राहणाऱ्या. मोठ्या दुकानांत खाण्याचं एकीकडे, नटण्याचं दुसरीकडे, कपडे आणि फरशी धुण्याचं अगदी टोकाला असतं. माझी आवड या भिंती ओलांडून जाणाऱ्या वस्तूंवर जडलेली आहे.

ज्यांच्या सालींची आमसुलं होतात ते रातांबे मे महिन्यात पिकतात, तेव्हा पाऊस जवळ आलेला असतो, म्हणून ते काम घाईचं. फळं फोडायची, बिया आणि गर बाजूला काढायचा, साली उन्हात पसरायच्या. त्या सुकत आल्या की मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत गेली की साल काळपट जांभळी, लवचिक आणि बोटाला चिकटणारी होते. पुटं कमी पडलेलं आमसूल कोरडं खडखडीत असतं. बाजारात डोळे मिटून हात लावला तरी कळतं. इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. माझा जीव जास्त गुंतला आहे तो बियांमध्ये. त्या वाळवून फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर येतं, ते अलगद काढून घ्यायचं. निवताना ते घट्ट होऊ लागतं, तेव्हा हातानं त्याचे गोळे वळायचे. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं, कुणी मुठेल. फिकट पांढरं, जवळजवळ बिनवासाचं. ते वितळतं साधारण ३८ ते ४० अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या किंचित वर. म्हणून डब्यात ते टणक राहतं आणि पळीत घेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरलं की पाहता पाहता पातळ होतं. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आजी रात्री ते असं पातळ करून भेगांत सोडायची. मग ते भेगेतच थिजायचं आणि रात्रभर तिथेच राहायचं. खोबरेल तेल अंथरुणाला लागतं. हे लागत नाही. इतक्या नेमक्या वितळबिंदूचा उपयोग कोकणातल्या बायकांनी तापमापक हाती नसताना ओळखला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आज हेच तेल कोकम बटर या नावानं महागड्या मलमांत आणि ओठांना लावायच्या कांड्यांत जातं. जाऊ दे, त्याला मान मिळतो आहे. फक्त त्या डबीवर रातांब्याचं झाड कुठे वाढतं तेही छापलेलं असावं, एवढं वाटतं.

हळदीवर लिहायचं तर तिच्या औषधी गुणांचं स्तोत्र सगळेच गातात, मी ते गाणार नाही. मला तिचा रंग आवडतो, आणि त्या रंगाचा स्वभाव. पांढऱ्या ओढणीवर वरण सांडलं की आपण धावत जाऊन साबण लावतो आणि पिवळा डाग एकदम तांबडा होतो. हळदीतलं कर्क्युमिन क्षाराच्या संगतीत लाल होतं, एवढंच तिथे घडलेलं असतं. पाण्यानं खळबळून साबण निघून गेला की तो डाग पुन्हा पिवळा होतो. मग ओढणी कडक उन्हात टाकायची. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. एकदोन दिवसांत डाग फिकट होत जातो, बहुतेक वेळा पार जातो. आणि हळदीच्या अशा लाल होण्यावरच पूर्वापार कुंकू तयार होत आलं. हळदीवर टाकणखार आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया केली की ती लाल होते. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळचं केम हे गाव या कुंकवासाठी ओळखलं जातं. म्हणजे वरणातला रंग, कपड्यावरचा डाग आणि कपाळावरची टिकली यांचं नातं सख्खं आहे. आता बाजारातलं बरंचसं कुंकू कृत्रिम रंगाचं असतं आणि ते लावून कपाळाला खाज सुटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. हळदीचं कुंकू जरा निस्तेज दिसतं. मला तो निस्तेज लालच सुंदर वाटतो.

हळकुंडं मी सांगलीची घेते. २०१८ मध्ये तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीलगतच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत असत: वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत रुंदावत गेलेला खोल खड्डा आणि हळदीला ओल लागू न देणारी तिथली माती. कृष्णेच्या महापुरांनी त्या पेवांचं फार नुकसान केलं. हळकुंडं आणून दळून घ्यायला वेळ जातो, पण सुट्या हळदीला झळाळी यावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याचं अनेक ठिकाणी उघडकीला आलं आहे. ते शिसं आहे, पोटात जाणारं. तेव्हा हा वेळ मी आनंदानं देते.

चिंचेचं थोडक्यात सांगते. पितळेचा हंडा बाहेरून चिंचेनं उजळतो, कारण तिच्यातलं आम्ल वरची काळी पुटं विरघळवतं. त्याच हंड्यात कल्हई नसताना चिंचेची आमटी ठेवली तर तेच आम्ल आतलं तांबं विरघळवतं आणि आमटी कळकते. दोन्हीकडे गुण एकच. म्हणून आतून कथलाचा पातळ थर हवा. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत चांदीसारखं चमकून उठणारं पातेलं, हे दृश्य ज्यानं पाहिलं आहे त्याला कथील म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. कल्हईवाले आता कमी झाले. कुठे पत्ता लागला तर घरातली सगळी पितळी भांडी एकदम काढावीत.

न्हाणीघरातली माझी सर्वांत लाडकी वस्तू मात्र रिठा आहे. शिकेकाईला सगळे नावाजतात. तिच्या जोडीला नागरमोथा, आवळकाठी, संत्र्याची साल, कचोरा अशी मोठी मंडळी येते आणि त्या कुटाचा वास घरभर राहतो. रिठ्याला असा वास नाही, रूपही नाही. सुरकुतलेलं, काळपट, टणक फळ. रात्री बी काढून भिजत घालावं आणि सकाळी कुस्करावं, तर भांडं भरून फेस. सालीतल्या सॅपोनिनांची ही करामत. साबणासारखा त्याच्यात तीव्र क्षार नसतो. आता केस आणि रेशीम, दोन्ही प्रथिनांचे धागे, आणि क्षार दोघांनाही रुक्ष करतो. म्हणून ज्या पाण्यानं आई माझे केस धुवायची त्याच पाण्यात तिचं रेशमी पातळ बुडायचं. रंग जात नसे, पोत बिघडत नसे. लोकरीचे स्वेटर त्याच पाण्यात, मंगळसूत्राच्या वाट्या त्याच पाण्यात. सोनारही दागिने उजळायला रिठाच वापरत आले. एका वाडग्यात केस, रेशीम, लोकर आणि सोनं! बाटलीतल्या शाम्पूबद्दल माझी काही तक्रार नाही. कामाच्या दिवशी तोच हाताशी असतो आणि तो डोळ्यांत गेला तर रिठ्याइतका झोंबत नाही. पण जरीची नसलेली रेशमी साडी आजही माझ्याकडे रिठ्यातच धुतली जाते, सावलीत वाळते, आणि तिची सळसळ पहिल्या दिवशीची आहे.

जुनं म्हणून सगळंच मी डोक्यावर घेत नाही. चेहऱ्यावर थेट लिंबू चोळू नये. त्वचा भाजते, आणि उन्हात गेलं तर डागही पडतात. राखेनं दात घासणंही सुटलं ते बरं झालं. भांड्यांना राख ठीक, कारण तिच्यातला क्षार तेलकटपणा काढतो, पण दातांवर ती कानशीच. शिवाय या सगळ्या सुगंधी आठवणींमागे बायकांचे हात होते, पहाटेपासून कुटणारे, वाटणारे, घासणारे, आणि त्या हातांची गणती कुणी केली नाही. त्यांच्या कष्टांचं मला कौतुक गायचं नाही. त्यांना वस्तूंची जी ओळख होती, ती मात्र मला हवी आहे. अमुक कशानं विरघळतं, कशानं थिजतं, कशाला ऊन चालत नाही, कशाला सावली लागते, हे ज्ञान त्यांच्या बोटांत होतं. ते असलं की घरात दहा बाटल्या कमी लागतात आणि आपण विकत घेतलेल्या अकराव्या बाटलीकडेही जाणत्या नजरेनं बघतो.

कारखान्यात बनलेल्या वस्तूही कधी कधी अशा घरभर फिरतात. पहिल्या महायुद्धात म्हैसूरच्या चंदनाची युरोपला जाणारी निर्यात अडली आणि लाकडाचे ढीग पडून राहिले. मग १९१६ च्या सुमारास, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, त्या संस्थानानं चंदनाचं तेल काढायला आणि पुढे साबण करायला घेतला. तो म्हैसूर सँडल साबण आमच्याकडे आणला की आधी लाकडी कपाटात, साड्यांच्या घडीत जायचा. महिना-दोन महिने तिथे राहून मग न्हाणीत. त्याचं वेष्टण तर वर्षभर घडीतच. शेजारच्या घडीत वाळ्याची जुडी असायची. उन्हाळ्यात तशीच दुसरी जुडी माठात, आणि दिवाळीत तोच वाळा कुटून उटण्यात. पिण्याचं पाणी, नेसायचं पातळ आणि अभ्यंगस्नान यांना एकाच मुळीचा गंध असावा, यापरतं ऐश्वर्य मला दुसरं सुचत नाही.

आणि सुती पातळ. त्याच्याविषयी तर किती लिहावं. नवं असताना ते कडक आणि परकं असतं. पहिल्या दोनचार धुण्यांत खळ जाते, मग घरी खळ करावी लागते, आणि ती होते भातापासूनच. तांदूळ शिजताना काढलेली पेज: तिच्यात मीठ आणि तुपाचा थेंब घातला की तापातून उठलेल्या माणसाच्या वाटीत, आणि नुसती गाळून पाण्यात सैल केली की पातळावर. पेज दाट झाली तर कापडावर पांढरे पापुद्रे येतात, पातळ झाली तर पदर खांद्यावर ठरत नाही. आजीचं नऊवारी, आठ मीटरांहून लांब, दोघींनी दोन टोकं धरून झटकावं लागे. ओल्या पेजेचा वास आणि चेहऱ्यावर उडणारे तुषार मला आजही भर दुपारी आठवतात. खळीची आणि आमटीची वेळ एकच असल्यानं अंगणातल्या दोरीवर आणि चुलीवर एकदमच भात असे!

मग ते पातळ मऊ होत जातं. सगळ्यांत आवडतं होतं ते नेमकं विरायला लागल्यावर, आणि तिथून त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. काठापासचा दणकट भाग गोधडीच्या पाठीला, मधला मऊ भाग बाळाच्या दुपट्यांना. गोधडीत थरावर थर घालून धावदोरा घालत जायचं, कडेकडेनं आत. टाके जितके दाट तितकी गोधडी टिकाऊ. एका गोधडीत आजीची हिरवी, काकूची जांभळी आणि माझी परकराची चिंधी अशी शेजारी शेजारी बसलेली आहे, आणि प्रत्येक तुकडा कुठल्या लग्नात नेसलेला ते आई अजून अचूक सांगते. उरलेल्यातून समईच्या जाड वाती, उरलेल्यातून कंदिलाची काच पुसायला बोळे, आणि अगदी शेवटी ओट्याचं फडकं. पण यांतला सगळ्यांत मानाचा तुकडा पदराच्या आतल्या बाजूचा. तो निघतो श्रीखंडासाठी. चक्का आता तयार मिळतो, चांगलाही मिळतो. तरी पाडव्याच्या आदल्या रात्री दही बांधायला आमच्याकडे विरलेलं सुती पातळच लागतं. विणीतून पाणी गळून जावं आणि दही आत राहावं इतकं ते सैल झालेलं असतं, आणि तसं कापड नवं विकत घेता येत नाही. ते आधी कुणीतरी वर्षानुवर्षं नेसलेलं असावं लागतं.

दही बांधायच्या आमच्या त्या फडक्याला या वर्षी मधोमध भोक पडलं. मावशीला फोन करून तिच्या जुन्या पातळाचा तुकडा मागितला. ती म्हणाली, ‘निळं आहे आणि मोतिया आहे, कुठलं देऊ?’ म्हटलं, ‘मोतिया दे. आणि धुऊन दे हं मावशी, पण खळ घालू नकोस.’