अपेक्षा कुणी सोडायची?

'अपेक्षा सोड' हे शब्द आपल्या लोकांना कुणी शिकवावे लागत नाहीत. ते जन्माबरोबरच पदरात पडतात. बांधावर मजुरी वाढवून मागितली की हेच. कचेरीत दाखल्यासाठी उभं राहिलं की हेच. आमचा बाप चर्चचा मास्तर. वाडीतल्या पोरांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायचा. त्यामुळं आम्हाला हेच शब्द रविवारीसुद्धा ऐकायला मिळाले. फक्त आवाज गोड.

1950 चा अनुसूचित जाती आदेश तुम्हाला माहीत आहे. धर्म पाहून जात मोजायची असं त्यानं ठरवलं. पुढं 1956 साली शीख आत आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. जात काही बाहेर राहिली नाही, ती आमच्याबरोबर चर्चमध्ये आली. तर यावर सरकारला अर्ज द्यायचा म्हणून वाडीत बैठक बसली. तेव्हा एक फादर म्हणाले, ख्रिस्ती माणसानं सरकारकडून अपेक्षा ठेवू नये, देवाच्या इच्छेवर सोपवावं. म्हातारी माणसं गप बसली. बाप खाली बघत राहिला. मला मात्र देवाच्या इच्छेचा पत्ता यांना कुणी दिला, असं विचारावंसं वाटलं.

हे डोक्यात असतानाच मी बी.ए. झालो आणि आठ दिवसांच्या मौन साधनेला पुण्याला गेलो. निर्णय करायचा होता. सेमिनरीत जायचं, की गावाकडं मास्तरकी करत शेतमजुरांत काम करायचं? वाडीला वाटत होतं, आपल्यातला एक तरी फादर व्हावा. आई म्हणायची, 'देवाला इच्यार बाबा. पण देव हो म्हणंल बघ.' म्हंजे प्रश्नही तिचा, उत्तरही तिचंच.

पहिल्याच दिवशी साधना देणारे फादर म्हणाले, 'आधी अपेक्षा सोडायची.' माझं डोकंच सणकलं. पुन्हा तेच! पण मौन होतं, म्हणून ऐकत बसलो. आणि ऐकलं ते वेगळं निघालं.

तुम्ही म्हणाल, हे येशूबिशू आम्हाला कशाला? थोडं थांबा. गोष्ट निर्णय कसा करावा याची आहे, आणि निर्णय तुम्हालाही करावे लागतात.

स्पेनमधला इग्नेशियस लोयोला हा सरदार घराण्यातला, लढाईचा नाद असलेला माणूस. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एक, पराक्रम गाजवून बाईचं मन जिंकायचं. दुसरं, संतांसारखं जगायचं. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडतं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकतो. मनातल्या या फरकाची पारख करता करता त्यानं साधनेचं पुस्तक रचलं. पोपनं ते 1548 साली मंजूर केलं.

त्यात तीन माणसांचा दाखला आहे. तिघांकडं दहा दहा हजार मोहरा आहेत आणि तिघांचाही जीव त्यांत अडकलेला आहे. पहिला म्हणतो, ओढ सुटली पाहिजे. पण मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला मोहरा ठेवूनच ओढ सोडायची आहे. म्हंजे देवानंच त्याच्या घरी यावं! तिसरा म्हणतो, ठेवायच्या की द्यायच्या हे मी आधी ठरवणार नाही. तराजूचा काटा मधोमध उभा राहू दे, मग बघू. साधनेतलं अपेक्षा सोडणं म्हणजे हा काटा सरळ करणं. दुसरं काही नाही.

आता नीट बघा. हे सोडायला कुणाला सांगितलंय? ज्याच्याकडं दहा हजार मोहरा आहेत त्याला. ज्याच्या पारड्यात काहीच नाही, त्यानं काय सोडायचं?

आणखी एक नियम त्याच पुस्तकात आहे. निवडीला ठेवायची गोष्ट मुळात चांगली हवी, निदान वाईट तरी नको. जे मुळातच वाईट आहे ते तराजूत घालायचंच नाही. मला हा नियम कळला आणि बैठकीतल्या त्या उपदेशाचा उलगडा झाला. फादर व्हावं की मास्तर, हा निवडीचा प्रश्न. तिथं माझी हौस, आईची हौस, वाडीची इज्जत, सगळं बाजूला ठेवता येतं. पण अन्याय सोसावा की नाही, हा निवडीचा प्रश्नच नाही. तिथं 'काटा मधोमध धर' म्हणणारा माणूस मापात पाप करतो.

स्वतः इग्नेशियसला जेरुसलेमलाच राहून काम करायचं होतं. 1523 साली तिथं पोचला, तर तिथल्या मठाधिकाऱ्यांनी परत धाडलं. पुढं सोबत्यांबरोबर शपथ घेतली, पुन्हा जायचं. नाही जमलं तर पोप सांगेल ते काम. 1537 साली व्हेनिसला जहाजाची वाट बघत बसले. तुर्कांशी लढाई पेटली, जहाज सुटलं नाही. तो रोमला गेला आणि 1540 साली त्याच्या संघाला मान्यता मिळाली. त्यानं जागेचा हट्ट सोडला. कामाचा सोडला नाही.

मला आकाशवाणी झाली नाही. सहाव्या दिवशी पुस्तकातल्या रीतीनं बसलो. समज, एक अनोळखी पोरगा हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडं आलाय, त्याला काय सांगशील? समज, तू मरणाच्या दारात आहेस, कोणता निर्णय केलेला बरा वाटेल? दोन्ही वेळा वाडीतली शाळा डोळ्यापुढं आली. सेमिनरीचा विचार संपला की मान मिळाल्यासारखं वाटायचं, पण लगेच कोरडं. शाळेचा विचार संपल्यावरही मन ओलं राहायचं. ठरलं. मी मास्तर झालो. आई चार महिने नीट बोलली नाही. मग एकदा रात्रीच्या वर्गात येऊन मागं बसली.

आणि तो अर्ज? बापाला मी तीन माणसांचा दाखला सांगितला. तो बराच वेळ विचार करत राहिला. म्हणाला, 'आपल्याकडं मोहरा कवा व्हत्या रं?' आणि कागद पुढं ओढून सही केली.